झाकलेला कचरा, उघडी विहीर

(जिल्हा बैठकीतील भाषण)



विहीर खोदण्याआधी आपण पाणी पाहतो. कोणी पाणाड्याला बोलावतो, कोणी यंत्रवाल्याला. यंत्रवाला एका रेषेत चार सळया ठोकतो. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडतो, आतल्या दोन सळयांमधला विजेचा दाब मोजतो. कोरडा काळा पाषाण वीज अडवतो, पाण्याने भिजलेला मांजऱ्या तिला वाट देतो. सळयांमधले अंतर वाढवत नेले की खोलवरचे कळते.

हेच यंत्र आणखी एका कामाचे आहे. गावाशेजारच्या खड्ड्यात शहराचा कचरा वर्षानुवर्षे पडतो. खड्डा भरला की वर माती ओढतात आणि डेपो बंद झाला म्हणतात. बंद होतो तो वरून. आत मुरलेले पाणी कचऱ्यातले क्षार आणि अमोनिया घेऊन मुरमातून, खडकाच्या भेगांतून उताराकडे निघते. उताराला आपल्या विहिरी असतात. खारट पाणी वीज सहज वाहून नेते. म्हणून कोरड्या पाषाणात शेकड्यांनी येणारा आकडा गळतीच्या जागी दहाच्याही खाली येऊ शकतो. झाकण न फोडता गळती कुठे, किती खोल, कोणत्या दिशेला, याचा अंदाज मिळतो.

पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शेतकऱ्यांनी हे भोगले आहे. शहराच्या कचऱ्याने त्यांच्या विहिरी नासल्या आणि पिण्यासाठी टँकरची वाट पाहायची वेळ आली. विहीर नासल्यावर कळून काय उपयोग?

सरकारचे नियम काय सांगत आले? 2000 च्या आणि 2016 च्या, दोन्ही नियमांत तळाला चिकणमातीचे व प्लास्टिकचे अस्तर, 50 मीटरच्या आतील भूजलाची तपासणी आणि बंद झाल्यावर किमान 15 वर्षे देखभाल लिहिलेली होती. जुन्या उघड्या खड्ड्यांना अस्तर कुठले?

आता यंत्राची उणीवही सांगतो. त्याला क्षार कळतो, तो कुणाचा हे कळत नाही. ओली काळी जमीनही वीज वाहते. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाणपट्टा आहे. तिथे साहेबांचे उत्तर तयारच असते : तुमचे पाणी मुळातच खारे! या उत्तराला तोंड द्यायचे तर आधीचा आकडा हवा.

म्हणून आमच्या मागण्या तीन. बंद डेपोच्या कडेने, त्याच खुणांवर, दरवर्षी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर सळया लावून मोजणी व्हावी. जिथे आकडा घसरेल तिथे बोअर घेऊन पाणी तपासावे. आणि निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा.

आपले काम एकच. डेपोच्या उताराला ज्यांची विहीर आहे त्यांनी या महिन्यातच स्वच्छ बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत द्यावे. क्षार, क्लोराइड आणि अमोनिया तपासून घ्यावे आणि कागद सातबाऱ्यासोबत जपून ठेवावा. दुसरा नमुना डेपोच्या वरच्या अंगाच्या विहिरीचा घ्यावा. दोन विहिरींतला फरक वर्षागणिक वाढला, तर खारपाणाचा बहाणा टिकणार नाही.

बोंडे धरताना कपाशीला एक पाळी पाणी मिळाले तर वर्ष तरते. ती पाळी याच विहिरीची असते. पुढच्या बैठकीला येताना तपासणीचा कागद घेऊन या.