आधी हिशेब दाखवा, मग वसुलीचं बोला
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सोसायटीची नोटीस आपल्याला नवी नाही, बँकेचीही नाही. आज वेगळ्या नोटिशीबद्दल बोलायचं आहे. सरकारनं दिलेली मदत सरकारच परत मागतं, त्या नोटिशीबद्दल.

माझ्या गावातला एक गडी. तीन एकर कोरडवाहू, निम्म्यात पऱ्हाटी, निम्म्यात ज्वारी. मळणी यंत्रात उजवा हात कोपरापासून गेला. संजय गांधी निराधार योजनेतून अनुदान सुरू झालं. २०२५च्या उन्हाळ्यात कागद आला. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती, तरी २२ महिने पैसे दिले गेले. दीड हजाराप्रमाणे ३३,००० रुपये सात दिवसांत भरा, नाहीतर सातबाऱ्यावर बोजा चढवू. बायको म्हणाली, बकऱ्या विकू. तो विकायला निघालाच होता.

मी विचारलं, मुदत संपली म्हणून तुटलेला हात उगवला का? जे अपंगत्व बदलणार नाही, त्याचं प्रमाणपत्र कायमचंच द्यायचं, असा नियम आहे. दवाखान्यात कुणीतरी मुदतीचा शिक्का मारला. ती चूक याची नव्हे. संपली होती ती कागदाची मुदत. मदतीचा हक्क संपला नव्हता.

आम्ही बकऱ्या विकल्या नाहीत. साध्या कागदावर अर्ज लिहिला. महिनावार हिशेब द्या. मंजुरीच्या आदेशाची नक्कल द्या. कोणत्या कलमाखाली बोजा चढवता ते लिहून द्या, कारण नोटिशीत कलमच नव्हतं. आणि आमचं म्हणणं ऐकल्याशिवाय वसुली करू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. कारकून पोच देईना, तेव्हा तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवला. सोबत माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा स्टॅम्प लावून वेगळा अर्ज टाकला. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

हिशेब आला आणि गंमत कळली. २२ पैकी चार महिने खात्यात पैसे पडलेच नव्हते. पासबुकात नोंद नाही, आणि वसुलीत मात्र धरलेले! म्हणजे सहा हजार रुपये न देताच परत मागितले होते. पासबुक भरून घेतलं नसतं तर हे कुणाला कळलं असतं?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ऑस्ट्रेलिया श्रीमंत देश. तिथं २०१५पासून सरकारनं बेकारभत्ता आणि तशी मदत घेणाऱ्यांवर संगणक सोडला. वर्षाची कमाई घ्यायची, २६ पंधरवड्यांत सारखी वाटायची आणि म्हणायचं, त्या पंधरवड्यात तुझी कमाई जास्त होती, मदत परत कर. ज्याला चारच महिने काम मिळालं, तोही वर्षभर कमावता ठरला. मंडळाची सरासरी काढून आपली विम्याची भरपाई ठरते, तेव्हा ज्याचं पीक जळालं त्याचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. वर आणखी, देणं लागत नाही हे तूच सिद्ध कर! लोक कोर्टात गेले. नोव्हेंबर २०१९मध्ये सरकारनं कोर्टात मान्य केलं की निव्वळ सरासरीवर काढलेली वसुली कायद्यात बसत नाही. चार लाखांहून जास्त लोकांवर असं खोटं कर्ज काढलं होतं. ते रद्द करावं लागलं, भरलेले पैसे परत द्यावे लागले. २०२३मध्ये चौकशी आयोगानं सगळा कारभार उघडा पाडला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४चा रफीक मसीह खटल्याचा निकाल आहे. खालच्या वर्गातल्या कर्मचाऱ्याला सरकारच्या चुकीनं जादा पगार गेला, तर तो परत घेता येत नाही. २०२२मध्ये थॉमस डॅनियल खटल्यात तेच म्हटलं: फसवणूक नसेल, खोटी माहिती दिली नसेल, तर वसुली नको. हे निकाल नोकरदारांचे आहेत, अनुदानाला जसेच्या तसे लागू होतील असं मी छातीठोक सांगणार नाही. पण नोकरदाराला जो न्याय, तो हात गेलेल्या माणसाला का नको, हे विचारायला कुणाची बंदी आहे?

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्यानं खोटा दाखला काढला, मेलेल्याच्या नावावर पैसे उचलले, त्याचं भांडण आपण भांडणार नाही. चूक कचेरीची असेल तर मात्र एक रुपया भरण्याआधी आणि कबुलीवर अंगठा देण्याआधी थांबा. एकदा कबुली दिली की पुढे भांडणं अवघड.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे? १९८७च्या विधी सेवा कायद्यात अपंग माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज करायचा. अपंगांसाठी राज्य आयुक्त आहेत, त्यांच्याकडेही तक्रार करता येते.

आमच्या गड्याची वसुली सध्या थांबली आहे, रद्द झालेली नाही. दवाखान्यातून कायमचं प्रमाणपत्र मिळालं आहे, ते अर्जाला जोडलं आहे.

ज्यांच्याकडे अशी नोटीस असेल त्यांनी सभा संपल्यावर समोरच्या टेबलापाशी थांबावं. नोटीस आली तो लिफाफा फेकला असेल तर असू द्या, पण पासबुक, मंजुरीचा कागद आणि प्रमाणपत्र दाखवा. अर्जाचे कोरे नमुने आणले आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज इथेच भरून देऊ.