आपला तो पोटासाठी गेला, कातकरी मात्र फिरस्ता?

(वेल्हे भागातील वनहक्क समित्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



दाव्याचा कागद कसा भरायचा, ते आता आपल्याला जमतंय. पण दावा ऐकताना आपल्या मनात काय चालतं, तिकडं कुणी बघत नाही. आज त्याबद्दल बोलतो.

समजा, समितीपुढं दोन दावे आलेत. एक आपल्या महादेव कोळ्यांतला, भावकीतला. माणूस आठ महिने पुण्यात हमाली करतो, पावसाळ्यात येऊन उतारावर नाचणी-वरई करतो. आपण म्हणतो, "पोटासाठी गेलाय, जमीन त्याचीच." दुसरा दावा कातकरी वाडीतला. तोही दिवाळीनंतर बायकापोरं घेऊन वीटभट्टीवर जातो, पावसाच्या तोंडावर परततो, तसाच उतार कसतो. तिथं मात्र आपल्या तोंडी येतं, "ह्यांचं काय, आज इथं, उद्या तिथं."

गोष्ट एकच, निवाडे दोन. मधी काय आलं? भावकीची माया आली, आणि लहानपणापास्नं ऐकलेली हेटाळणी आली. मनानं आधीच ठरवलं, कारण मागनं शोधलं.

दयेचंही तसंच. "गरीब हाय, द्या दहा गुंठे." अरे, तो एकर कसत असेल तर एकरच लिहा! हे दान नव्हे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असलेली, प्रत्यक्ष कसलेली जमीन, चार हेक्टरपर्यंत, हा त्याचा हक्क आहे. पुराव्याला बांध, झोपडं, विहीर, मसणवट चालते. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. मग तो आपल्या म्हातारीचा घेता, तसा कातकरी आजीचाही घ्या.

मन बाजूला ठेवा, असं मी म्हणत नाही. आपल्याला 'अतिक्रमणदार' म्हटलं ते झोंबलं, म्हणून तर आपण उठलो. तो राग खराच होता. तोच राग शेजारच्या वाडीसाठी येतो का, एवढं तपासा.

दाव्यावरचं नाव गावात झाकता येत नाही. पण वाडी भट्टीवर असताना सभा लावू नका. स्थळपाहणीला वाडीतल्या बायांना संगं घ्या. नकार द्यायचा तर कारण लिहा, आणि तेच कारण सख्ख्या भावाच्या दाव्याला लावून बघा. तिथं लावायला जीभ अडखळली, तर ते कारण नव्हे, नुसती अढी हाय.

जिंदाबाद!