तडजोडीची किंमत कोणी मोजली?

यशवंतराव चव्हाणांचे गोडवे गाणे सोपे आहे आणि त्यांना शिव्या घालणे त्याहून सोपे. मी त्यांना मानणारा माणूस आहे. म्हणूनच मुंबईसह महाराष्ट्र मिळवताना त्यांनी 1960 साली केलेल्या तडजोडीचा हिशेब मी इथे, तापीकाठच्या या चोपडा तालुक्यात मांडणार आहे. 1 मे आला की आपण मुंबईचे आणि हुतात्म्यांचे नाव घेतो, घ्यायलाच हवे. पण त्याच दिवशी नंदुरबार, नवापूर, तळोदे, अक्कलकुवा या तालुक्यांतली 156 गावे गुजरातेत गेली, याचा उच्चार खुद्द खानदेशात किती व्यासपीठांवर होतो? उकाई धरणाचे बुडीत क्षेत्र शक्य तेवढे एकाच राज्यात असावे, हा त्यामागचा व्यवहार. 1972 साली धरण पूर्ण झाले. चोपड्याच्या शिवेवरून गेलेली तापी तिथे अडली आणि आदिवासींची घरे, शेते पाण्याखाली गेली. गावे कोणत्या राज्यात जावीत, यावर त्या माणसांचे मतदान कोणी घेतले नव्हते.

कोणी म्हणेल, तडजोड केली नसती तर मुंबई हातची गेली असती. मला हे मान्य आहे. 1956 साली द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद घेतले म्हणून यशवंतरावांना सूर्याजी पिसाळ, म्हणजे फितूर, ठरवले गेले. त्याच खुर्चीत बसून त्यांनी दिल्लीचे मन वळवले. 1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने दणका दिला नसता तर दिल्ली ऐकती ना, आणि आत बसून बोलणारा कोणी नसता तर दणका वाया जाता. पुढे गरिबाघरच्या मुलांची फी माफ झाली, 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. तेव्हा तडजोड करणे हा गुन्हा नव्हे. माझे भांडण एवढेच, की मिळकत सगळ्यांनी वाटून घेतली आणि किंमत मात्र ज्यांचा आवाज विधानसभेत पोचत नव्हता त्यांच्या माथी मारली. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगावची खंत आजही ताजी आहे, कारण बेळगावापाशी मराठी वर्तमानपत्रे आहेत, लिहिते हात आहेत. गुजरातेत गेलेल्या निझर-उच्छलच्या वाट्याला ना ठराव आला, ना अग्रलेख. हा दोष यशवंतरावांहून अधिक आपला, लिहिणाऱ्यांचा आहे.

दुसरा आक्षेप ठरलेला: आपल्याच नेत्याचे उणे काढले की विरोधकांचे फावते. उलट आहे. अनुयायी गप्प बसला की हिशेब विरोधकाच्या हाती जातो आणि त्याची शिवीगाळ होते. शिवाय पुढचा नेता शिकतो, की किंमत गरिबाच्या नावे टाकली तर कोणी विचारत नाही. 1975 च्या कराड साहित्य संमेलनाचे स्वागताध्यक्ष केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव होते; त्याच संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या. साहित्य सभेने नेत्याशी कसे वागावे, याचा धडा तिथे आहे: आदरातिथ्य घ्यावे, पण सत्य गहाण टाकू नये.

म्हणून मला या साहित्य सभेकडून अभिनंदनाचा आणखी एक ठराव नको. विस्थापितांच्या कहाण्या अहिराणीत, भिलीत, मावचीत नोंदवून घ्या. सांगणारी पिढी संपत चालली आहे. येत्या 1 मे रोजी हुतात्म्यांना अभिवादन झाले की या 156 गावांची यादी मोठ्याने वाचा. आज ज्यांच्या नावाने आपण घोषणा देतो, त्या नेत्यांनाही हाच नियम लावा. ज्याला ती यादी ऐकवत नाही, त्याने यशवंतरावांचा वारसा सांगू नये.