निवृत्तीचा पैसा : एकदाचा, दरमहाचा आणि आपल्या पश्चातचा

आपल्यापैकी बरेच जण रेल्वे, टपाल, आयकर अशा केंद्र सरकारच्या खात्यांत नोकरीला आहेत आणि निवृत्तीला वर्ष-दोन वर्षे उरली आहेत. वयाने आणि अनुभवाने आपण माझ्याहून मोठे. म्हणून बँकेच्या खिडकीच्या आतून जे दिसते, तेवढेच सांगते.

निवृत्तीनंतर थोड्या दिवसांत खात्यात तीन-चार मोठ्या रकमा जमा होतात. कोणती कशाची, हे फार कमी जणांना ठाऊक असते. घरात सगळे म्हणतात, 'फंड आला.' मग कुठे घराचे काम निघते, कुठे लग्न ठरते. काही महिन्यांनी आपण विचारायला येता, "मॅडम, पेन्शन इतकी कमी कशी?" उत्तर बहुतेक वेळा आपणच सही केलेल्या अर्जात असते.

म्हणून या पैशाचे तीन गठ्ठे करा : एकदाच मिळणारा, दरमहा येणारा आणि आपल्या पश्चात घरच्यांना मिळणारा. उदाहरणासाठी समजा, आपण 1 जानेवारी 2004 पूर्वी केंद्र सरकारच्या सेवेत लागलात, 33 वर्षे नोकरी झाली, शेवटचे मूळ वेतन 50,000 आणि महागाई भत्ता 25,000 रुपये आहे.

पहिला गठ्ठा. सेवेच्या दर पूर्ण सहा महिन्यांमागे पाव महिन्याचा पगार, जास्तीत जास्त साडेसोळा महिन्यांचा, ही झाली ग्रॅच्युइटी. भत्ता धरून 75,000 च्या हिशेबाने 12,37,500 रुपये होतात. (1 जानेवारी 2024 पासून कमाल मर्यादा 25 लाख आहे.) शिल्लक अर्जित रजेचा पगार कमाल 300 दिवसांचा, म्हणजे इथे 7,50,000 रुपये. शिवाय भविष्य निर्वाह निधीत आपणच साठवलेली रक्कम. या तिन्हींमुळे पेन्शनमधून एक रुपयाही कमी होत नाही आणि सरकारी कर्मचाऱ्याला त्यांवर आयकर नाही.

चौथी रक्कम मात्र वेगळी आहे. तिला अंशराशीकरण म्हणतात. बोलताना आपण 'पेन्शन विकणे' म्हणतो. पेन्शनचा जास्तीत जास्त 40 टक्के भाग देऊन त्याबदल्यात एकरकमी पैसे घेता येतात. आपल्या उदाहरणात पेन्शन 25,000 रुपये. त्यातले 10,000 विकले, तर 60 व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला 10,000 गुणिले 12 गुणिले 8.194, म्हणजे 9,83,280 रुपये मिळतात. तो भाग 15 वर्षांनी पूर्ववत होतो. तोवर दरमहा 10,000 प्रमाणे 18 लाख रुपये कापले जातात. म्हणजे ही भेट नाही, आपलीच पुढची पेन्शन आधी हातात येते.

मग विकूच नये का? तसेही नाही. या रकमेवर आयकर नाही. महागाई भत्ता पूर्ण 25,000 वरच मिळत राहतो. पेन्शनर मध्येच गेला, तर उरलेली वसुली होत नाही आणि कुटुंब पेन्शनही कमी होत नाही. डोक्यावर महागडे कर्ज असेल, तर ही रक्कम उपयोगी पडते. पण ती नुसती बचत खात्यात पडून राहणार असेल, तर कशासाठी विकायची? 40 टक्के ही मर्यादा आहे, सक्ती नाही. निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत अर्ज केला, तर वैद्यकीय तपासणीही लागत नाही. एकदा मंजूर झाले की मागे घेता येत नाही, म्हणून आधी घरात बसून हिशेब करा.

दुसरा गठ्ठा पेन्शनचा. ती सुरू राहण्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो; 80 वर्षांवरील मंडळींना तो 1 ऑक्टोबरपासून देता येतो. 'जीवन प्रमाण'मुळे मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होते. दाखला अद्ययावत करतो असे सांगून कोणी फोनवर ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या. बँक ओटीपी कधीच मागत नाही. वयाची 80 वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा मिळतात, हेही लक्षात ठेवा.

तिसरा गठ्ठा कुटुंब पेन्शनचा. पेन्शनर गेल्यावर पती किंवा पत्नीला शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के, इथे 15,000 रुपये आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. सुरुवातीला 7 वर्षे, किंवा दिवंगत व्यक्तीची 67 वर्षे पूर्ण झाली असती तोवर, यांत जे आधी येईल तिथपर्यंत, 50 टक्के दराने 25,000 मिळतात. हा हक्क पक्का आहे. अडते ते कागदांत. सेवापुस्तकात एक नाव, आधारवर दुसरे, जन्मतारीख तिसरीच. दुःखाच्या दिवसांत वहिनींना किंवा काकूंना त्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. पेन्शनचे खाते पती-पत्नींचे संयुक्त ठेवा. मग कुटुंब पेन्शनसाठी नवे खाते उघडावे लागत नाही.

1 जानेवारी 2004 पासून लागलेल्यांना एनपीएस आहे. 60 व्या वर्षी निवृत्त होताना साधारणपणे 60 टक्क्यांपर्यंत रक्कम हाती मिळते आणि किमान 40 टक्क्यांतून दरमहा पेन्शन विकत घ्यावी लागते. 1 एप्रिल 2025 पासून यूपीएसचा पर्याय आला. त्यात 25 वर्षांच्या सेवेला शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आहे. राज्य कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे. महाराष्ट्रात ही तारीख 1 नोव्हेंबर 2005 आहे.

शेवटचे. ठेवी मिळवणे ही माझी नोकरीच आहे, तरीही सांगते : सगळी रक्कम एकाच बँकेत ठेवू नका. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह 5 लाखांपर्यंतच आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि दर तिमाहीला व्याज मिळते.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. सेवापुस्तक, आधार आणि पॅनवरची नावे व जन्मतारखा जुळतात का ते पाहा. नामनिर्देशन कोणाच्या नावे आहे ते तपासा. पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, हाती आला की त्याची एक प्रत जोडीदाराला द्या आणि त्यातला प्रत्येक आकडा कशाचा, ते समजावून सांगा. काही अडले, तर दोघे मिळून बँकेत या.