चंचल मुलं आणि तीन वर्षांचं अंतर

गणिताच्या वहीत पहिली दोन उदाहरणं अचूक, तिसरं अर्धवट आणि समासात पेन्सिलीनं काढलेली विमानं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, असलेल्या मुलाची वही बरेचदा अशी दिसते. ‘मुद्दाम करतो’ हा शेरा लगेच बसतो आणि तो अन्यायाचा असतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अशा २२३ मुलांचे एमआरआय तितक्याच इतर मुलांशी ताडून पाहिले. मेंदूच्या बाहेरच्या थराचा निम्मा भाग पूर्ण जाडीला पोहोचण्याचं वय इतर मुलांत साधारण साडेसात, तर या मुलांत साडेदहा निघालं. सर्वाधिक उशीर होता तो कपाळामागच्या, लक्ष आणि आवर सांभाळणाऱ्या भागात. हालचालींचा भाग मात्र थोडा आधीच तयार झालेला!

फरक मेंदूच्या कामातही दिसतो. मन भटकतं तेव्हा मेंदूतलं एक जाळं जागं असतं. काम सुरू झालं की ते शांत व्हायला हवं. या मुलांत ते पुरेसं शांत होत नाही, असं अनेक अभ्यासांत दिसलंय.

निदान मात्र एमआरआयवरून होत नाही, वागण्याच्या नोंदींवरून होतं. तेव्हा पालकांनो, शिक्षकांकडून अशा नोंदी घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा.