प्रवेशाआधी शहरही पाहा

बारावीनंतर कॉलेज पाहायला छत्रपती संभाजीनगरला जाणार असाल, तर एक मुक्काम ठेवाच. १९५८ साली स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ डोंगराच्या पायथ्याशी आहे. सकाळी विभाग, ग्रंथालय, वसतिगृह बघा. दुपारी जेवणाच्या वेळी तिथल्या मुलामुलींशी बोला. मेसचं जेवण, पाण्याची सोय, तास नियमित होतात का, हे माहितीपुस्तिकेत सापडत नाही. म्हणून कामकाजाचा दिवसच निवडा.

परिसराला लागूनच सोनेरी महाल आहे, मागच्या डोंगरात बौद्ध लेणी. सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात नर्तिका आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या स्त्रिया कोरल्या आहेत. वेरूळच्या गर्दीपुढे ही लेणी दुर्लक्षित राहतात, याचं वाईट वाटतं. बीबी का मकबरा, पाणचक्कीही जवळच.

दुसरा दिवस वेरूळला द्या, साधारण तीस किलोमीटर. अजिंठा शंभरेक किलोमीटरवर, त्याला स्वतंत्र दिवस हवा. आणि एक लक्षात ठेवा: वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी.