मुकी पाहुणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘जपानच्या गमती सांगा’ असे फर्मावले, तेव्हा मी चटकन ‘हो’ म्हटले. पण घरी टिपणे काढायला बसले आणि ध्यानात आले, की गमती चारच आहेत. बाकी सगळी माझी फजिती आणि माझे रुसवे. तेव्हा आज तेच सांगते. चेरीचा बहर आणि वेगवान आगगाड्या तुम्ही चित्रांत पाहिल्याच आहेत.

ही हकिगत २०१९ सालची. हे गेल्याला वर्ष झाले होते. मुलगा आणि सून कोबे शहरात नोकरीला. मुलगा म्हणाला, “आई, तीन महिने ये. हवापालट होईल.” एप्रिलच्या आरंभी मी निघाले. जाताना माझा तोरा काही विचारू नका! जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती पडली आणि तिच्यावरून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९१६ साली आपले महिला विद्यापीठ काढले, हे आपण जाणतोच. त्या विद्यापीठाची मी पदवीधर, आणि तीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेले. बोलणे हाच माझा व्यवसाय. अशी मी त्या देशी उतरले आणि उतरल्या दिवसापासून मुकी झाले.

मुलगा-सून सकाळी आठला जात, ते सातला परत येत. दिवसभर मी आणि चार भिंती. खाली दुकानात जावे, तर मीठ कोणते नि साखर कोणती हे वाचता येईना. पाटी वाचता येत नाही म्हणजे काय, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळले. घरात शिरताना जोडे काढायचे, हे आपल्यासारखेच. पण संडासाच्या सपाता निराळ्या. एकदा त्याच पायांत घालून मी थेट पाहुण्यांसमोर आले. सगळ्यांनी पाहिले आणि कोणीच काही बोलले नाही. कोणी हसले असते तर बरे वाटले असते!

तिथे कोणाशीही बोला, समोरचा माणूस ‘हाय, हाय’ म्हणत राहतो. आधी वाटले, या बिचाऱ्यांना दुखते तरी काय! सूनबाई म्हणाली, “‘हाय’ म्हणजे ‘हो’.” मी ‘मांस-मासे खात नाही’ हे जपानी वाक्य घोकले आणि जवळच्या खाणावळीत जाऊन म्हणून दाखवले. मालक ‘हाय’ म्हणाला आणि त्याने वाफाळते सार आणून ठेवले. आठ दिवस मी ते मिटक्या मारीत प्याले. नवव्या दिवशी सूनबाई बरोबर आली आणि वासावरूनच तिने ओळखले. लाकडासारखा कडक वाळवलेला मासा सुताराच्या रंध्यासारख्या किसणीवर किसतात, त्याचे पाणी हाच तिथल्या बहुतेक सारांचा पाया. मालकाने फसवले नव्हते. त्याचे ‘हाय’ म्हणजे ‘बाई, तुमचे बोलणे ऐकले’ एवढेच. त्या रात्री मी रडले. धर्म बुडाला म्हणून नव्हे. आपण अगदी खुळ्या ठरलो म्हणून.

त्यातच कचऱ्याचे प्रकरण झाले. तिथे कोणता कचरा कोणत्या वारी, कोणत्या पिशवीतून टाकायचा, हे ठरलेले असते. मी आपली नेटाने पिशवी बांधून खाली ठेवून आले. संध्याकाळी पाहते तो तीच पिशवी आमच्या दारात, वर घडी घातलेली चिठ्ठी. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी आणून ठेवलेली. मी संतापले. मुलाला म्हटले, “माझे परतीचे तिकीट काढ. ज्या घरात केर टाकण्याचीही माझी लायकी नाही, तिथे मी राहत नाही.”

तो शांतपणे म्हणाला, “१ मेला नवे सम्राट गादीवर येताहेत. सगळ्यांना दहा दिवस सुट्टी आहे. आपण शिकोकूला जरा चालून येऊ. मग तू म्हणशील तसे.”

शिकोकू हे जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी सर्वांत लहान. तिथे अठ्ठ्याऐंशी मंदिरांची यात्रा आहे. सगळी वाट सुमारे १२०० किलोमीटर, पायी जायला दीड महिना लागतो. ही यात्रा कोबो दाइशी या सत्पुरुषाच्या नावाने चालते. त्यांचे मूळ नाव कूकाई. ते ७७४ साली त्याच बेटावर जन्मले, ८०४ साली चीनला गेले आणि तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकले. आम्ही पहिली दहाच मंदिरे केली, तीही रमतगमत तीन दिवसांत. पांढरा अंगरखा, गवती टोपी आणि हातात काठी. ती काठी म्हणजेच कोबो दाइशी. प्रत्येक यात्रेकरूबरोबर ते चालत असतात, अशी श्रद्धा. मुक्कामाला पोचले की आधी काठीचे टोक धुवायचे, मग आपले पाय. आपण पालखीत माउलींच्या पादुका नेतो, त्याची मला आठवण झाली. फरक इतकाच, की तिथे टाळ नाही, मृदंग नाही. एकेकटी माणसे मुकाट्याने चालतात. माझ्यासारख्या मुकीला ते फारच सोयीचे!

पहिल्याच मंदिरात यात्रेकरू सूत्र म्हणत होते. मला अवाक्षर कळत नव्हते. शेवटी मात्र सगळ्यांच्या तोंडून ‘सोवाका’ असा शब्द आला. मुलाने सांगितले, “आई, हे आपले ‘स्वाहा’.” माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी एका घरातून एक आजीबाई धावत आल्या. त्यांनी माझ्या हातात दोन संत्री ठेवली आणि वर शंभर येनचे नाणे. मी ‘नको, नको’ म्हणत नाणे परत करू लागले. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मुलाने घाईघाईने मला थांबवले. यात्रेकरूला असे काही देणे ही तिथली जुनी रीत आहे आणि ते नाकारायचे नसते. देणाऱ्याला जे चालणे होत नाही, त्यात त्याचा तेवढा वाटा असतो.

मैत्रिणींनो, माझे माहेर सासवडचे. पालखीच्या वेळी आमची आजी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी घालायची आणि मी ओट्यावर उभी राहून वाढायची. पुढे शाळेतही दिले ते मीच, घेतले ते मुलांनी. जन्मभर मी ओट्यावरच उभी होते. रस्त्यावर उभे राहून हात पुढे करायची वेळ प्रथमच आली, आणि ते मला साधले नाही. माझा सगळा राग जपानी लोकांवर नव्हता. आपण कोणाच्या उपयोगी नाही, उलट प्रत्येक गोष्टीला दुसऱ्यावर अवलंबून आहोत, याचा तो राग होता.

दहाव्या मंदिराला ३३३ पायऱ्या आहेत. त्याच्या नावाचा अर्थच ‘कापलेले कापड’. कथा अशी, की कोबो दाइशींनी तिथल्या एका विणकर मुलीकडे कापडाचा तुकडा मागितला आणि तिने मागावरचे नवे कापड विचार न करता कापून दिले. पायऱ्या चढताना मी मनात म्हणत होते, देणारी थोर खरीच. पण मागणाराही तेवढाच मोकळ्या मनाचा हवा.

कोबेला परतल्यावर मी तिकिटाची गोष्ट काढली नाही. दुसऱ्या सकाळी ती चिठ्ठी घेऊन शेजारच्या बाईंचे दार वाजवले, वाकून नमस्कार केला आणि खुणेने विचारले, ‘कसे करायचे ते शिकवा.’ बाईंनी दिनदर्शिका आणली आणि प्रत्येक वारासमोर चित्र काढून दिले: भाजीची देठे, बाटली, वर्तमानपत्र. पुढे त्यांनीच मला अक्षरे शिकवली. आ, ई, ऊ, ए, ओ. मग का, सा, ता, ना. हा क्रम संस्कृत वर्णमालेवरून घडलेला, हे कळल्यावर माझ्यातली मास्तरीण खूश झाली. दीड महिन्यात दुकानातल्या मिठाच्या पिशवीवरचे ‘शिओ’ वाचता आले, तेव्हा पहिलीतल्या मुलासारखी मी ते मोठ्याने वाचले.

सगळेच गोड झाले असे मात्र नाही. त्या बाईंनी इतके शिकवले, पण उंबऱ्याच्या आत कधी बोलावले नाही. ते का, हे मला निघेपर्यंत उमगले नाही आणि विचारण्याइतकी भाषाही आली नाही. तेवढे कोडे मी तसेच घेऊन आले.

आता शेवटचे आणि जरा अवघड. त्या वर्षी आमच्या तिसऱ्या मजल्यावर ओडिशातली एक सून नवी आली होती. जिन्यात भेटली की हसायची आणि खाली मान घालून जायची. ‘मुलगी बरी आहे, पण मिसळत नाही,’ असा शेरा मी याच मंडळात मारला होता. काहींना आठवत असेल. कोबेला दुपारी एकटी बसलेली असताना तो शेरा मला कितीदा आठवला! जिन्यात मीही हसून खाली मान घालणारी झाले होते.

जुलैत परत आल्यावर मी तिच्या दारी गेले. काही द्यायला नव्हे; मुद्दाम रिकाम्या हाताने गेले. म्हटले, “मला तुझी भाषा शिकव.” तिने पेला पुढे केला आणि म्हणाली, “पाणि.” मी म्हटले, “अगं, हे तर आमचेच!” मग कळले, की तिच्या भाषेत आपला ‘ळ’सुद्धा आहे. त्या दिवशी तिने मला पोड पिठा खायला घातला आणि मी ‘नको’ म्हटले नाही.

ती आज मागच्या रांगेत बसली आहे आणि तिच्या परवानगीनेच मी हे सांगितले. आपल्या गल्लीत अशी आणखी किती घरे असतील, ते आपण मोजलेले नाही. चिटणीसबाईंना माझी विनंती आहे, की येत्या वर्षी मंडळाने निदान एक दुपार अशी ठेवावी, जिच्यात त्या शिकवतील आणि आपण शिकू.

माझे भाषण लांबले, त्याबद्दल क्षमा करा. तीन महिने मुकी होते, त्याची भरपाई समजा!